स्वतःची काळजी घेताना या चुका टाळा

पहाटे पाचला उठणं, चालणं, ध्यान, साखर बंद, मोबाइल बंद, रात्री डायरी. रविवारी रात्री अशी यादी मीही अनेकदा केली आहे आणि गुरुवारी ती मोडलेलीही पाहिली आहे. मग स्वतःचाच राग यायचा. आपल्यात इच्छाशक्ती नाही, असं मी कित्येक वर्षं मानत होते. खरी चूक यादीतच होती, हे फार उशिरा कळलं.

एका दमात सगळं

एका वेळी एकच सवय धरा. तीही इतकी लहान, की अंगात कणकण असलेल्या दिवशीसुद्धा जमेल. 'वेळ मिळेल तसं करीन' असं ठरवलं की ती वेळ कधी येतच नाही. म्हणून रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला नवी सवय बांधून टाका: दात घासून झाले की पाच मिनिटं पाठ आणि खांदे मोकळे करायचे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा 'अमुक झालं की तमुक करायचं' पद्धतीच्या ठरावांचा बराच अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव जास्त वेळा पार पडतो, असं त्यातून दिसलं.

व्यायामाच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आड येतो. सलग पाऊण तास मिळाला तरच उपयोग, असं वाटून माणूस काहीच करत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. निदान दहा मिनिटं सलग हवीत, ही जुनी अट २०२०च्या शिफारशींत उरलेली नाही. जिने चढणं, फोनवर बोलताना भरभर चालणं, हे सगळं जमेस धरा. आणि रोजच्या दहा हजार पावलांचं दडपण नको. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला.

एक खाडा पडला म्हणून सोडून देणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. आठ दिवस नीट चाललेलं असतं, नवव्या दिवशी पाहुणे येतात किंवा काम लांबतं, खाडा पडतो. 'गेलंच की सगळं' म्हणत आपण दहाव्या दिवशीही जात नाही.

यात '२१ दिवसांत सवय लागते' या समजुतीचाही हात आहे. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६०मध्ये लिहिलं होतं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळालं आणि तो प्रत्येक सवयीचा नियम होऊन बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला. मधला आकडा ६६. बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. नेहमीएवढंच करा.

झोपेची वेळ धरून बसणं

'आजपासून दहाला झोपायचं' हा संकल्प फसतो, कारण झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते. ती एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. सुट्टीला तीन तास उशिरा उठलात, तर त्या रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार जड जातो. उठल्यावर थोडा वेळ बाहेरच्या उजेडात जा. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रखर असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं.

दुपारनंतरच्या चहा-कॉफीकडे आपण सहज दुर्लक्ष करतो. दिवसभर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ वाढते. कॅफिन नेमकं त्याचंच काम अडवतं. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पाचची कॉफी रात्री दहालाही निम्मी शिल्लक असते. 'मला कॉफीने काही होत नाही' म्हणणाऱ्यांनीही दोन आठवडे दुपारनंतर ती बंद करून पाहावी.

झोप येत नसताना कूस बदलत पडून राहणं, ही आणखी एक चूक. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये मांडलेला उपाय आजही वापरला जातो. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, तर उठून दुसरीकडे बसा, मंद उजेडात काहीतरी शांत करा आणि पेंग आली की परत या. घड्याळ बघू नका. उद्याच्या कामांनी डोकं भणभणत असेल, तर आडवं होण्याआधी पाच मिनिटं ती कागदावर उतरवा.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

विश्रांती म्हणून मोबाइल उघडला की डोळे आणि मान दोन्ही कामालाच लागतात. मधल्या सुट्टीत खिडकीबाहेर लांब बघा, चार पावलं चाला. पाण्याचे आठ ग्लास मोजत बसू नका. अन्नातूनही पाणी मिळतं आणि बहुतेक निरोगी माणसांना तहान पुरेशी सांगते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच प्या.

सवयींवर नको तेवढा भार

हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, तर आणखी एक सवय जोडू नका, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. आठवड्यातून तीन-चार रात्री झोप उडते आणि असं तीन महिने चाललं आहे, किंवा मोठ्याने घोरूनही दिवसा गुंगी येते, तरीही तपासणी करून घ्या. जीव नकोसा वाटू लागला, तर दोन आठवडे पूर्ण होण्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठा.