स्त्रियांच्या मताधिकाराने मतदारवर्ग किती बदलला, हे कसे तपासावे

ज्यांना हा परिणाम मोजायचा आहे, त्यांनी प्रथम कायद्याचे कलम नीट वाचावे. तारीख मागाहून टिपली तरी चालते. ब्रिटनमध्ये १९१८ साली मताधिकार मिळाला तो ३० वर्षांवरील आणि, मुख्यतः, स्वतःच्या किंवा पतीच्या नावे मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांप्रमाणे २१ व्या वर्षी मत देण्याचा हक्क त्यांना १९२८ साली मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या १९०२ च्या संघीय कायद्याने बहुतेक आदिवासी स्त्रियांना आणि पुरुषांनाही वगळले होते. म्हणून ‘स्त्रियांना हक्क मिळाला’ असे लिहिण्यापूर्वी कोणत्या स्त्रियांना, हे लिहावे.

त्यानंतर कायद्याच्या आधीची आणि नंतरची मतदारसंख्या शेजारी मांडावी, पण सगळी वाढ स्त्रियांच्या खाती घालू नये. ब्रिटनमधील मतदार सुमारे ७७ लाखांवरून १९१८ साली सुमारे २ कोटी १४ लाखांवर गेले आणि त्यांत स्त्रिया अंदाजे ८४ लाख होत्या. वाढीचा उरलेला मोठा भाग त्याच कायद्याने पुरुषांवरील जुन्या अटी काढून टाकल्यामुळे आलेला आहे.

हक्क आणि यादीतील नाव यांत अंतर असते, आणि माझ्या मते अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा तो इथेच. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर १८९३ मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. तेवढ्या अवधीत सुमारे १ लाख ९ हजार स्त्रियांनी नाव नोंदवले आणि सुमारे ९० हजारांनी मत दिले. याउलट भारतात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी हक्क पूर्ण समान होता, तरीही अमक्याची पत्नी किंवा तमक्याची मुलगी एवढीच ओळख नोंदवली गेल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. राज्यघटनेने दिलेले मत स्वतःचे नाव न नोंदवल्यामुळे हातचे जावे, ही गोष्ट आजही मनाला लागते. प्रौढ स्त्रियांची संख्या जनगणनेतून घ्यावी, नोंदणीची यादीतून घ्यावी, आणि दोहोंतील तफावत वेगळ्या रकान्यात लिहावी.

मतदानाची टक्केवारी वाचताना छेदाकडे लक्ष ठेवावे. समजा, हजार पुरुषांपैकी ७०० जण मत देत होते, म्हणजे मतदान ७० टक्के होते. आता हजार स्त्रिया यादीत आल्या आणि त्यांतील ४०० जणींनी मत दिले, तर दोन हजारांपैकी अकराशे, म्हणजे ५५ टक्के मतदान होते. एकही पुरुष घरी बसलेला नसताना मतदान घसरल्यासारखे दिसते. अमेरिकेत १९१६ साली अध्यक्षपदासाठी सुमारे १ कोटी ८५ लाख मते पडली होती, ती १९२० साली सुमारे २ कोटी ६८ लाख झाली, आणि तरीही टक्केवारी खाली आली. तेव्हा टक्केवारीसोबत मतांची मूळ संख्या दिलीच पाहिजे.

स्त्रियांनी कोणाला मत दिले, हा प्रश्न याहून कठीण आहे, कारण गुप्त मतदानात मतपत्रिकेवर लिंगाची नोंद नसते. इलिनॉय राज्यात १९१६ साली स्त्रियांना काही मोजक्या पदांसाठीच मत देता येत असल्याने त्यांच्या मतपत्रिका वेगळ्या होत्या आणि वेगळ्या मोजल्या गेल्या. अशा नोंदी दुर्मीळ आहेत. त्या नसतील, तर एखाद्या भागात स्त्री-मतदार अधिक आणि अमुक पक्षाची मतेही अधिक, एवढ्यावरून ती मते स्त्रियांचीच होती असे मानू नये. एकाच देशात हक्क वेगवेगळ्या वेळी मिळाला असेल, तर त्या भागांची तुलना अधिक भरवशाची ठरते. स्वित्झर्लंड यासाठी फार उपयुक्त आहे: व्हो आणि नशातेल या कँटनांनी (म्हणजे त्या देशाच्या घटक राज्यांनी) १९५९ सालीच आपल्या स्त्रियांना मताधिकार दिला, संघीय पातळीवर तो १९७१ साली मिळाला, आणि आपेनझेल इनररोडन या कँटनला तो १९९० साली न्यायालयाच्या निर्णयामुळे द्यावा लागला.