जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू मुकी झाली तर

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला. तोच स्पीकर मुका राहिला तर अ‍ॅम्प निर्दोष. १९७०च्या दशकातल्या सेटवर मी ‘टेप मॉनिटर’चं (जोडलेल्या टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकवणारं) बटणही बघतो, ते दाबलेलं असलं की दोन्ही बाजू गप्प! खरखर असेल तर बंद सेटच्या व्हॉल्यूममध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारून नॉब भरपूर फिरवा.

आत हात घालायचाच असेल तर प्लग काढल्यावरही मोठे कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) चार्ज धरून असतात, मीटर लावून तो उतरल्याची खात्री करा. नंतर स्पीकर न जोडता, ६० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटची वीज बल्बमधूनच जाईल असा, लावून सेट चालू करा. बल्ब उजळून मंदावला तर ठीक. झगझगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.