सोलापुरात तरुण बंद्यांना शिकवायला जाताना

चर्चच्या सेवा-सहलीतील आठ दिवस सोलापुरातील तरुण बंद्यांना शिकवण्यासाठी द्यायचे असतील, तर शिकवायचे नेमके कोठे, हे आधी ठरवावे लागते. अठरा वर्षांखालील मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार त्याची रवानगी निरीक्षणगृहात होते आणि तेथील परवानगीसाठी महिला व बालविकास विभागाकडे जावे लागते. अठरा पूर्ण केलेले तरुण जिल्हा कारागृहात असतात. तेथील लेखी अर्ज अधीक्षकांच्या नावे, विषय, वेळ आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या प्रतीसह, रेल्वेची तिकिटे काढण्याआधीच द्यावा. सोबत परदेशी पाहुणे असतील, तर पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगावे.

अर्जात शिकवणे लिहिले असेल, तर वर्गात शिकवावेच. समोरच्या मुलाला कंटाळा आला तरी उठून जाता येत नाही. अशा श्रोत्यापुढे उपदेश करणे मला गैर वाटते. सोलापूरला याची जुनी आठवण आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखालील येथील वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने चालवली. तेथे शाळा होती, तसे तारेचे कुंपणही होते. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण ‘सेटलमेंट’ हे नाव त्या भागाला आजही चिकटून आहे. म्हणून ‘तुम्हाला सुधारायला आलो आहोत’ ही भाषा या गावात तरी तोंडी येऊ देऊ नये.

न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्याला जामीन झाला की तो दुसऱ्या दिवशी वर्गात नसतो, त्यामुळे प्रत्येक तास त्या दिवसापुरता पूर्ण असावा. पहिला तास सहीचा ठेवावा. वकीलपत्रावर अंगठा उमटवलेला मुलगा स्वतःचे नाव पाटीवर चार वेळा गिरवतो, पाचव्यांदा न बघता लिहितो आणि शेजाऱ्याला दिसेल अशी पाटी हळूच वळवतो. त्यानंतर न्यायालयाच्या कागदावरील पुढची तारीख वाचायला शिकवावी. बंद्यांच्या बोलण्यात ‘तारीख’ हा शब्द सतत येतो, तेव्हा आकडे शिकण्याची गोडी वेगळी लावावी लागत नाही. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या कन्नड, कोणाच्या दखनी बोलली जाते. शुद्ध मराठीचा आग्रह धरला, तर निम्मा वर्ग गप्प बसेल.

तारेची वही, शार्पनर आणि मोबाईल फाटकाबाहेरच ठेवावेत. गुन्हा विचारू नये, चिठ्ठी किंवा निरोप बाहेर नेऊ नये. निरीक्षणगृहातील मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे कायद्यानेच गुन्हा आहे.

शेवटच्या दिवशी भेटवस्तू वाटण्यापेक्षा, दर आठवड्याला येऊ शकेल असा स्थानिक चर्चच्या मंडळीतील एक जण, त्याचे नाव पहिल्याच अर्जात घालून, सोबत न्यावा. कोण कोणत्या अक्षरापर्यंत आला, याची वही त्याच्या हाती द्यावी.