बाळ यायच्या आधी दोरी मोजा: कापडी लंगोट धुण्याची तयारी

सातवा महिना लागला की घरात बाळंतविड्याची बोलणी सुरू होतात. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. आमच्याकडेही झाली. कपाटात सगळं घडी घालून तयार होतं, आणि तरीही घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता एकही कोरडा लंगोट हाताशी नव्हता. बाळ जुलैतलं. लंगोट धुतलेले होते, पण सगळेच्या सगळे दोरीवर ओले लोंबत होते. तेव्हापासून कोणी कापडी डायपरबद्दल विचारलं की मी साबणाआधी दोरीची चौकशी करते. मुंबईत हे काम वाळवण्यावर अडतं. म्हणून तयारीही तिथूनच सुरू करा.

घरात एका वेळी किती लंगोट सुटे सुटे वाळत पडतील ते आताच मोजून ठेवा. गॅलरीची दोरी, खिडकीची ग्रिल, छताला लावलेला कप्पीचा स्टँड, पंख्याखाली उघडता येईल असा घडीचा स्टँड, हे सगळं धरा. दोन लंगोटांत चार बोटं तरी जागा हवी, नाहीतर हवा फिरत नाही आणि कुबट वास धरतो. ग्रिलबाहेर वाळत घालणार असाल तर कबुतरांची जाळी बाळंतपणाआधी लावून घ्या. धुऊन वाळलेला लंगोट कबुतरांनी खराब केला की पुन्हा पहिल्यापासून धुवावा लागतो, आणि त्या दिवसांत तेवढी ताकद बाळंतिणीत नसते, घरातल्यांतही नसते. चिमटे दोन डझन जास्तीचे आणा.

आता आकडा. तान्ह्या बाळाचा लंगोट दिवसाला 10 ते 12 वेळा बदलावा लागतो. मार्च ते मे किंवा ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी धुतलेलं दुपारी वाळतं, तेव्हा 24 लंगोट पुरतात. जून ते सप्टेंबर मात्र वाळायला दोन दिवस धरा आणि 36 तरी ठेवा. वरून घालायची पाणी न झिरपणारी कव्हरं पाच-सहा पुरे, कारण फक्त शू झाली असेल तर कव्हर पुसून, थोडं वाळवून परत वापरता येतं.

कापड निवडताना माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या पावसाळ्यासाठी साधा, एकपदरी सुती चौकोनी लंगोट घ्या. घडी घातली की जाड होतो, उलगडला की एकच पदर उरतो, त्यामुळे भराभर वाळतो. बांबूचे जाड, शिवलेले पॅड शोषतात उत्तम, पण आपल्या दमट हवेत आतून ओलेच राहतात. ते हिवाळ्यासाठी ठेवा. मायक्रोफायबरचे पॅड घेतलेत तर ते कव्हरच्या खिशातच घाला, थेट अंगाला लागू देऊ नका. ते त्वचेचा ओलावाही ओढून घेतात आणि कातडी कोरडी पडते. घरातली जुनी मऊ सुती साडी असेल तर तिचेही लंगोट करा. नवीन सुती कापड मात्र वापरायच्या आधी चार-पाच वेळा धुऊन वाळवावं लागतं. त्यात कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा असतो, तो गेल्याशिवाय ते शू नीट शोषत नाही. हे काम आठव्या महिन्यात उरकून टाका.

बादल्या दोन हव्यात आणि त्या फक्त याच कामाच्या. एक शूच्या लंगोटांची, कोरडीच ठेवायची, वर भोकांचं झाकण किंवा जाळी. घट्ट बंद केली तर आत अमोनियाचा वास कोंडतो. दुसरी शीच्या लंगोटांची. लंगोट पाण्यात रात्रभर भिजत टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण त्याने वास वाढतो आणि कापडही कुजतं. शिवाय घरात रांगणारं किंवा चालायला लागलेलं भावंड असेल तर पाण्याने भरलेली बादली जमिनीवर ठेवणं खरंच जीवघेणं आहे. काही झालं तरी मळके लंगोट दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

शी मोरीत धुवायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बाळ यायच्या आधीच सांगून ठेवा. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये त्याच मोरीत भांडी घासली जातात. शी संडासातच झटकायची. कमोडला जेट असेल तर त्याच्या जोरावर निम्मं काम होतं. संडास घराबाहेर असेल तर झाकणाची छोटी बादली आणि वेगळा मग ठेवा. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, पाण्यात सहज विरघळते. सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू झालं की ती घट्ट होते, तेव्हा आत पातळ सुती तुकडा घालावा, तो उचलून शी संडासात टाकता येते.

धुण्याच्या मावशी येत असतील तर एक विनंती. शीचे लंगोट तसेच त्यांच्यापुढे टाकू नका. आपण साफ करून, विसळून मगच द्या, आणि कामाचे पैसे ठरवताना लंगोटांचं आधीच सांगा.

धुताना पहिलं पाणी थंडच हवं. एकदम गरम पाणी घातलं तर डाग पक्का बसतो. थंड पाण्यात खळबळून घेतल्यावर साध्या साबणचुऱ्याने कडक गरम पाण्यात धुवा. मशीन असेल तर सुती लंगोटांना 60 अंश, कव्हरांना 40 च्या वर नको, आणि मशीन पाऊणच भरा. वेल्क्रो असेल तर ते बंद करून टाका. मग फेस पूर्ण जाईपर्यंत विसळा, मशीनमध्ये एक जास्तीचं विसळणं लावा. इथे घाई केली तर राहिलेला साबण बाळाच्या अंगाला लागतो. सॉफ्टनर बिलकूल नको, त्याचा थर बसला की कापड पाणी शोषायचं थांबतं. जंतुनाशकही रोज नको, आणि ब्लीचने इलॅस्टिक सैल पडतं.

पाण्याची वेळ बघून धुण्याची वेळ ठरवा. महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, त्यात साबण सहज निघून जातो. इमारतीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर त्यातल्या क्षारांमुळे लंगोट कडक होतात. शेवटचं विसळणं तरी नळाच्या पाण्यात करा, त्यासाठी एक पिंप भरून ठेवा.

आपल्याकडे बाळाला रोज तेल लावतात, आणि त्याची कोणी सूचना देत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तेल लंगोटात मुरतं. काही आठवड्यांनी लंगोट गळू लागतो आणि आपण कापडाला दोष देतो. वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब तसाच गोल राहिला तर तेल किंवा साबण साठला आहे असं समजा. गरम पाण्यात साबणचुऱ्याने धुऊन, नुसत्या गरम पाण्यात तीन-चारदा विसळलं की सुधारतं. मालीशीनंतर आंघोळ होईपर्यंत वेगळे जुने फडकेच बांधा. झिंकचं मलम लावलं असेल तेव्हाही आत सुती तुकडा घाला. लाल चट्टे दोन-तीन दिवसांत कमी झाले नाहीत तर मात्र धुण्याच्या पद्धतीत बदल करत बसू नका, बाळाला डॉक्टरांना दाखवा.

पिवळे डाग राहिले तर घाबरू नका. ओला लंगोटच उन्हात घाला, दोन-तीन दिवसांत डाग फिका होतो. पावसात ऊन नसेल तर डाग तसाच राहू द्या, लंगोट स्वच्छ असला की झालं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या सुती लंगोटांवर इस्त्री फिरवता येते, कव्हरांवर नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची जुनी पद्धत बंद खोलीत करू नका. कपडा पेट घेऊ शकतो आणि धूरही बाळाच्या नाकात जातो.

इस्पितळाच्या पिशवीत लंगोट भरताना जुन्या साडीचे, टाकून द्यायची हरकत नाही असे सात-आठ तुकडे वेगळे ठेवा. पहिले दोन-तीन दिवस बाळाला काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते आणि ती कापडातून निघता निघत नाही. ते तुकडे सरळ टाकून द्या, पांढरे लंगोट चौथ्या दिवसापासून काढा.