गोष्टीसाठी चित्रं काढताय? या चुका टाळा

नवी मुलं काम दाखवायला आली की मी आधी विचारतो, "गोष्ट किती वेळा वाचलीस?" बहुतेकांनी एकदा वाचलेली असते, तीही मोबाइलवर, घाईघाईत. लगेच पिंटरेस्ट उघडून दुसऱ्यांच्या चित्रांनी फोल्डर भरायला घेतलेलं असतं आणि त्यालाच प्रेरणा म्हणायचं.

दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढलं की त्याच्या चुकाही फुकटात मिळतात. जर्मन चित्रकार ड्यूररने 1515 मध्ये गेंडा प्रत्यक्ष न बघता, वर्णन आणि एका कच्च्या रेखाटनावरून काढला आणि त्याच्या पाठीवर, मानेच्या मागे एक जादा शिंग बसवलं. 18व्या शतकापर्यंत लोक तोच गेंडा शिंगासकट उतरवत होते!

आमच्याकडेही एक गेंडा झाला होता. मुलांच्या पुस्तकासाठी एका होतकरू पोराने नायिकेची सायकल काढली. रंग देखणे, उजेड सुरेख, पण साखळी पेडलपासून थेट पुढच्या चाकाला. विचारलं तर म्हणे, "सर, रेफरन्समध्ये मागचं चाक दिसतच नव्हतं." रेफरन्स म्हणजे कुणाचं तरी चित्र, त्यात फ्रॉकच्या घेराने मागचं चाक झाकलेलं. याने साखळी दिसेल त्या चाकाला जोडून टाकली. आणि याची स्वतःची सायकल खाली जिन्यापाशी उभी! स्केचबुक देऊन खाली पिटाळला. कुरकुरत गेला, पण येताना साखळीबरोबर आणखी एक गोष्ट घेऊन आला: स्टँडवर लावलेल्या सायकलचं हँडल एका बाजूला कलतं. तेच कललेलं हँडल दारात दाखवलं आणि पोरगी घाईत घरात पळालीय हे न सांगता कळलं. असलं काही फोल्डरमध्ये सापडत नाही.

दुसरी माझी चीड थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, न करणाऱ्यांवर. काडेपेटीएवढ्या चौकटीत निदान पाच-सहा मांडण्या करून बघा, त्याही मळकट पेन्सिलीने, म्हणजे सजवत बसायचा मोह पडत नाही. 32 पानांचं पुस्तक असेल तर सगळी पानं एकाच कागदावर छोटी छोटी मांडा. मजकुराची जागा तेव्हाच राखा. थेट फायनलला हात घालणाऱ्यांच्या नायकाचं नाक हमखास दोन पानांच्या मधल्या घडीत जातं, आणि मग "थोडं सरकवू का?" अहो, मागचं झाड, सावली, कुत्रा, सगळंच सरकवावं लागतं.

छपाईचं काम छपाईच्या मापात, 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) सुरू करा. नंतर ताणून तपशील वाढत नाहीत. कापणीसाठी चहूबाजूंनी 3 मिमी चित्र जास्त ठेवा. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मरतो, म्हणून रंगांची चाचणी प्रिंट आधीच काढा.

मूड लागत नसेल तर गोष्टीतल्या खुर्च्या, चपला, हात काढत बसा. आणि चित्रांच्या अ‍ॅपसाठी नवीन ब्रशपॅक घेऊ का, हे मला विचारू नका.