सात आसनी एसयूव्ही निवडताना गाडी मागून पुढे बघा

सात आसनी गाडी बघायला गेलं की लक्ष आपोआप पुढच्या सीटकडे जातं. मोठा स्क्रीन, सनरूफ, ड्रायव्हरची उंच बैठक. विक्रेताही आधी पुढचंच दार उघडून देतो. पण पाच जणांना आरामात नेणाऱ्या गाड्या बाजारात ढिगाने आहेत. जास्त लांब, जास्त जड आणि जास्त इंधन पिणारी गाडी आपण घेतो ती सहाव्या आणि सातव्या माणसासाठी. त्या दोघांची नीट सोय होत नसेल, तर बाकी गोष्टी कितीही छान असल्या तरी ती गाडी आपल्या घरासाठी नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम मागून पुढे लावला आहे.

पायरी १: माणसं कागदावर मांडा

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. समोर वय, उंची, गुडघे किंवा कंबर दुखते का, प्रवासात मळमळतं का आणि मुलांसाठी चाइल्ड सीट लागते का हे टिपा. मग सातही जण एकत्र किती वेळा निघतात ते प्रामाणिकपणे ठरवा. वर्षातून चार-दोन वेळाच गाडी भरत असेल आणि मागे लहान मुलंच बसणार असतील, तर तुलनेने आखूड गाडी चालेल. दर आठवड्याला सात जण निघत असतील, तर तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसू शकतील अशीच गाडी हवी.

इथे पुढच्या काही वर्षांचाही विचार करा. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा सहा वर्षांनी चौदाचा होईल आणि कदाचित घरात सगळ्यात उंच असेल. आज सहज चढणाऱ्या आजीला तेव्हा पायरीची आणि धरायच्या हँडलची गरज पडेल.

पायरी २: तिसऱ्या रांगेत स्वतः बसा

यात घाई करू नका. शोरूममध्ये बहुतेक वेळा दुसरी रांग पूर्ण पुढे सरकवलेली असते, त्यामुळे मागे ऐसपैस जागा दिसते. म्हणून घरातल्या ड्रायव्हरला त्याच्या सवयीप्रमाणे सीट लावू द्या. त्याच्या मागे दुसऱ्या रांगेत एका उंच माणसाला बसवा आणि त्याला त्याच्या सोयीने सीट मागे-पुढे करू द्या. त्यानंतर तुम्ही तिसऱ्या रांगेत शिरा. आता जी जागा उरली तीच खरी.

बसल्यावर आधी मांड्यांकडे लक्ष द्या. बऱ्याच एसयूव्हींमध्ये मागची फरशी उंच असते, कारण खाली अ‍ॅक्सल, इंधनाची टाकी किंवा बॅटरी असते. फरशी उंच आणि सीट बुटकी असली की गुडघे छातीकडे येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळा भार कमरेच्या खालच्या भागावर पडतो. दहा मिनिटं हे जाणवत नाही, तासाभराने पाठ बोलू लागते. पुढच्या सीटखाली पावलं सरकवता येतात का ते बघा. तेवढ्या जागेनेसुद्धा पायांचा कोन बराच सुधारतो.

नंतर डोकं. खड्ड्यातून जाताना माणूस सीटवरून थोडा उचलला जातो, तेव्हा केस आणि छत यांच्यात चार बोटांचं अंतर हवं. हेडरेस्ट वर ओढल्यावर डोक्याच्या मागच्या भागापर्यंत पोचला पाहिजे. मानेपर्यंतच येत असेल, तर मागून धक्का बसल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सीटची पाठ आणि मागची काच यांत किती अंतर उरतं तेही बघून घ्या.

दारं बंद करून, एसी लावून वीस मिनिटं तिथेच गप्पा मारत बसा. तिसऱ्या रांगेला स्वतःचे एसी व्हेंट आहेत का, पंख्याचा वेग तिथून बदलता येतो का? खिडकी इतकी लहान किंवा उंच आहे का, की मुलाला बाहेरचं काहीच दिसणार नाही? ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी बाहेर नजर जाणं फार महत्त्वाचं असतं.

शेवटी आत-बाहेर करण्याची परीक्षा. सीट एका हाताने दुमडते का? दहा वर्षांच्या मुलाला ती दुमडता येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे बसलेल्या माणसाला, बाहेरून कोणी मदत न करता, आतूनच दुसरी रांग पुढे ढकलून बाहेर पडता येतं का? अपघातात किंवा धूर झाल्यावर हीच गोष्ट जीव वाचवते. आतून सीट सोडवणारी खटकी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असतील तर मधल्या वाटेने मागे जाता येतं. ही फारच सोयीची रचना आहे, पण तेव्हा गाडी बहुधा सहा आसनी होते. सातवा माणूस कायमचा असेल तर बेंच सीटच घ्यावी लागेल.

हे सगळं केल्यावर असंही वाटू शकतं की आपल्याला एसयूव्ही नकोच आहे. सात जण रोज प्रवास करत असतील आणि रस्ते बरे असतील, तर खालची फरशी, सरळ छत आणि सरकती दारं असलेली एमपीव्ही माणसांसाठी जवळजवळ नेहमीच जास्त सोयीची ठरते. एसयूव्हीची उंची खराब रस्ता, चढ, चिखल असं काही नियमित असेल तरच कामाला येते. दोन्ही प्रकार बघून मग ठरवा.

पायरी ३: तुमची चाइल्ड सीट सोबत न्या

आयसोफिक्सचे अँकर, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या, किती जागी आहेत ते मोजा. बऱ्याच गाड्यांत ते दुसऱ्या रांगेच्या दोन टोकांनाच असतात. दोन लहान मुलं असतील आणि दोन्ही सीट तिथे बसवल्या, तर तिसऱ्या रांगेत जायचा रस्ताच बंद होऊ शकतो, कारण चाइल्ड सीट लावलेली सीट उलटी दुमडता येत नाही. काही गाड्यांत ती सरळ पुढे सरकते आणि चाइल्ड सीट न काढता मागे जाता येतं. मोठ्या कुटुंबासाठी एवढा एक फरकही गाडी ठरवायला पुरेसा आहे.

आर१२९ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार बाळाला किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असतं. अशी सीट लांबीला जास्त जागा खाते, त्यामुळे ती लावून पुढच्या सीटवर मोठा माणूस बसतो का ते तपासा. पुढच्या प्रवासी सीटवर बाळाची उलट्या तोंडाची सीट लावायचीच वेळ आली, तर तिथली समोरची एअरबॅग बंद करणं अत्यावश्यक आहे. ती बंद होत नसेल, तर बाळाला तिथे बसवूच नका.

पायरी ४: वजनाचा हिशेब मांडा

गाडीत सात सीट आहेत म्हणजे सात माणसं आणि त्यांचं सामान ती पेलेलच असं नाही. माहितीपत्रकात किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की किती भार घालता येईल ते कळतं.

समजा गाडीचं रिकामं वजन १,८५० किलो आणि कमाल वजन २,४५० किलो आहे. म्हणजे हाताशी ६०० किलो. चार मोठी माणसं प्रत्येकी ७५ किलोप्रमाणे ३००, आजी-आजोबा मिळून १३०, एक मूल ३० किलोचं. झाले ४६०. उरले १४०. प्रत्येकाची १२ किलोची बॅग धरली तर ८४ गेले, राहिले ५६. आता छतावर बॉक्स, दोन चाइल्ड सीट, पाण्याचे कॅन असं काही वाढवलं की मर्यादा अगदी जवळ येते. कमाल भार ५०० किलोच्या आसपास असलेल्या सात आसनी गाडीत तर सात धडधाकट माणसं बसली की सामानासाठी काहीच उरत नाही.

हिशेब करताना एक गोष्ट विचारून घ्या: रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलाय का? युरोपीय पद्धतीत ७५ किलोचा ड्रायव्हर त्यात आधीच मोजलेला असतो, इतरत्र तो बहुधा नसतो. इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांत बॅटरीचंच वजन मोठं असल्यामुळे हा हिशेब जास्त काळजीने करायला हवा.

जास्त भार भरला तर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायर तापतात, मागचं सस्पेन्शन बसतं आणि हेडलाइट वर होऊन समोरच्याचे डोळे दिपवतात. टायरवरचा भारांकही बघा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. टायर बदलताना मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कधीही घालू नका. गाडी पूर्ण भरल्यावर हवेचा दाबही वेगळा ठेवायचा असतो, तो त्याच दाराच्या पट्टीवर दिलेला असतो.

पायरी ५: सातही सीट उभ्या ठेवून डिकी उघडा

विमानाच्या केबिनमध्ये नेतात तशी ५५ × ४० × २० सेंटिमीटरची बॅग साधारण ४४ लिटरची. तिसरी रांग उभी असताना डिकी २०० लिटरची असेल, तर कागदावर चार बॅगा बसतात, प्रत्यक्षात तीन-चार. सात माणसांना हे पुरणारं नाही. लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. काही कंपन्या खिडकीपर्यंत मोजतात, काही छतापर्यंत. घरातल्या खऱ्या बॅगा नेऊन ठेवून बघा.

छतावर कॅरियर लावणार असाल तर छताची भारमर्यादा वाचा. बऱ्याच गाड्यांत ती ७५ ते १०० किलो असते आणि त्यात बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. उंच गाडीवर उंच भार म्हणजे वळणावर जास्त झुकणं, म्हणून जड सामान खाली आणि हलकं वर. स्टेपनी आहे की फक्त पंक्चरचं किट, हेही लगेच बघून घ्या. डिकी गच्च भरलेली असताना स्टेपनी कशी काढायची, तेही विचारा.

पायरी ६: सुरक्षितता, सातव्या सीटपर्यंत

सातही जागी तीन-बिंदू सीटबेल्ट हवा, दुसऱ्या रांगेच्या मधल्या जागीसुद्धा. फक्त कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टरवर (मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर) मूल बसवता येत नाही. बाजूच्या पडदा एअरबॅग (खिडक्यांवर वरून उलगडणाऱ्या) तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का, हे लेखी विचारा. ‘सहा एअरबॅग’ म्हटल्याने ते कळत नाही. बेल्ट न लावल्याची सूचना मागच्या रांगांसाठीही असेल, तर मागे कोणी बेल्ट काढला की ड्रायव्हरला कळतं.

क्रॅश चाचणीचे तारे बघताना चाचणीचं वर्षही बघा. युरो एनकॅप या युरोपातल्या क्रॅश चाचणी संस्थेने १९९७ मध्ये पहिले निकाल जाहीर केले, तेव्हापासून निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत. त्यामुळे जुने पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नाहीत. शिवाय या चाचण्यांत डमी पुढच्या आणि दुसऱ्या रांगेत बसवतात. तिसऱ्या रांगेचं चित्र ताऱ्यांतून पूर्ण दिसत नाही, म्हणून वरचे प्रश्न स्वतः विचारणं भाग आहे. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नसलेली उंच गाडी मी कुणालाही सुचवणार नाही.

पायरी ७: इंजिन आणि सांगाडा

लॅडर फ्रेमवरची, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली गाडी खडबडीत रस्ता आणि ओढकाम चांगलं पेलते, पण तिची फरशी उंच असते आणि रिकामी असताना ती उडते. मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकसंध असलेली गाडी जास्त स्थिर, हलकी आणि आत प्रशस्त. मोठं कुटुंब मुख्यतः पक्क्या रस्त्यांवर फिरत असेल तर मोनोकॉक घ्या. इंधन कोणतं, हे तुमच्या रोजच्या अंतरावर ठरवा. मात्र इंजिनाचा टॉर्क (ओढण्याचा जोर) किती कमी आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो ते पाहा, कारण भरलेली गाडी चढावर त्याच्याच जोरावर चालते.

पायरी ८: सगळ्यांना घेऊन टेस्ट ड्राइव्ह

एकट्याने चालवून काही कळत नाही. सातही जणांना बसवा. चढावर थांबून पुन्हा निघा, मोकळ्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक लावा, स्पीडब्रेकरवरून नेऊन मागे टेकल्याचा आवाज येतो का ते ऐका. रिव्हर्स घ्या. मागचे हेडरेस्ट उभे असताना आरशात जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे चांगला कॅमेरा इथे चैनीची वस्तू नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू येतं का तेही बघा. घरी येऊन पार्किंगची लांबी, रुंदी आणि दाराची उंची मोजा. डिकीचं दार वर उघडायला मागे जागा उरते का, हे विसरू नका.

पायरी ९: वापरलेली गाडी घेत असाल तर

तिसरी रांग अनेकदा वर्षानुवर्षं दुमडलेली राहते. ती पूर्ण उघडा, प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत ओढून सोडा, सहज परत गेला पाहिजे. सीट खटकन लॉक होते का, मागचा एसी थंड हवा देतो का, गालिच्याखाली ओल आहे का ते तपासा. चेसिस क्रमांक देऊन कंपनीकडून बाकी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली होती का, ते विचारा. टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही शाबूत दिसत असली, तरी दहा वर्षांचे टायर सात माणसांच्या भाराखाली चालवू नका. ते बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती बहुतेक वेळा कोणी बदललेलीच नसते.