गाईवर औषध मारले, तरी गोचीड परत का येतात?

फवारणी करून पंधरा दिवस होत नाहीत तोच गाय पुन्हा गोचिडांनी भरते आणि आपण औषधाला नावे ठेवतो. खरे तर ही औषधे गोचिडाला लांब ठेवण्यात फारशी दमदार नसतात; अंगावर चढलेल्याला मारणे हेच त्यांचे मुख्य काम. आणि पुढची फौज अंगावर नसतेच. ती भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांदीत असते. पोट भरलेली मादी खाली गळून पडते आणि एका वेळी 2,000 ते 3,000 अंडी घालते.

म्हणून आधी हाताने चाचपा: कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, कासेभोवती, शेपटीच्या बुडाशी. गोचीड इथेच दडतात आणि फवारा नेमका इथेच पोहोचत नाही.

मग माप. डेल्टामेथ्रिनच्या 1.25 टक्के औषधाचे गोचिडांसाठीचे नेहमीचे प्रमाण 1 लिटर पाण्याला 2 मिली आहे. तरी बाटलीवरचे वाचाच. झाकणाने अंदाज नको, बिनसुईची सिरिंज घ्या. पातळ द्रावणातून वाचलेले गोचीडच पुढची पिढी वाढवतात, आणि मग तेच औषध त्या गोठ्यात लागू पडेनासे होते. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

गाईला आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती अंग चाटणार नाही. उन्हात किंवा पावसाच्या तोंडावर फवारू नका. हातमोजे घाला, नाक-तोंड झाका. गाईचे डोळे आणि जखमा टाळून केसांच्या उलट दिशेने चिंब भिजवा. दूध काढण्याआधी कास धुवा.

त्याच दिवशी रिकाम्या गोठ्यातल्या फटी फवारा, नंतर त्या बुजवा. उरलेले द्रावण ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

अंड्यांतून पिल्ले निघायला काही आठवडे लागतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा. योग्य मापानेही गोचीड मरत नसतील, तर डोस वाढवू नका. पशुवैद्यकांना विचारून औषधाचा गट बदला. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिनचे (जंत आणि गोचीड मारणारे औषध) इंजेक्शन परस्पर देऊ नका, ते दुधात उतरते. अमिट्राझ आणि परमेथ्रिन ही गोचिडांवरचीच औषधे, पण घोड्याला अमिट्राझ आणि मांजराला परमेथ्रिन घातक.

संकरित गाय तापली, खाणे सोडले, खांद्यापुढची गाठ सुजली, तर थायलेरिया, म्हणजे गोचिडांमुळे पसरणारा आजार, असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.